ब्रेकेजचं रजिस्टर

सिल्वासाला पिपरियात एका यार्नच्या कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज आहे. राहायला नरोलीला. कंपनीच्या बसमध्ये बसलं की दमणगंगेचा पूल ओलांडेपर्यंत बुद्धिबळाचे तीन मिनिटांचे दोन डाव मोबाइलवर सहज होतात. वर्षभरात असे चार हजारांवर डाव खेळलो. रेटिंग सुरुवातीला 1400 च्या आसपास होतं, वर्ष संपलं तेव्हाही तिथेच.

एका रात्री सेकंड शिफ्ट करून आलो, जेवलो आणि ‘एक डाव खेळून झोपतो’ म्हणून बसलो. लागोपाठ अकरा हरलो. हरलं की अंगठा आपसूक पुढच्या डावाच्या बटणावर जातो. बायको पाणी प्यायला उठली तेव्हा चार वाजले होते. ती काही बोलली नाही, दिवा बंद करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी खोक्यांवर चुकीचा लॉट नंबर टाकला. दोन लॉटचा दोरा एका कापडात गेला तर विणताना कळत नाही, पण रंगवल्यावर पट्टे उमटतात. पॅकिंगच्या पोराने वेळेत पाहिलं म्हणून माल गेटबाहेर पडला नाही.

बसमध्ये आमचे खानदेशी फिटरकाका शेजारी बसतात. दोरा तुटला की आम्ही रजिस्टरमध्ये वेळ आणि पोझिशनचा नंबर लिहितो. एकाच पोझिशनवर सारखा तुटायला लागला की तिथला गाईड नाहीतर डिस्क बघायची. काका माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाले, “साहेब, दोरा एकाच जागी तुटतोय आन् तुम्ही मशीन नुसतं पळवताय.”

लागलं ते मला. शंभर पानी वही आणली आणि हरलेल्या डावांचं रजिस्टर सुरू केलं. तारीख, कितवी खेळी, कारण. ‘फु’ म्हणजे सोंगटी फुकट गेली, ‘वे’ म्हणजे वेळ संपली, ‘शे’ म्हणजे शेवटी थोड्या सोंगट्या उरल्यावर घोळ घातला. पन्नास डावांची बेरीज केली: ‘वे’ 21, ‘फु’ 16, ‘शे’ 9. सुरुवातीच्या खेळ्यांमुळे हरलेले फक्त चार. आणि मी वर्षभर व्हिडिओ पाहिले ते सगळे ओपनिंगचे!

‘वे’चं दुखणं साध्या हिशेबात होतं. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद. डाव चाळीस खेळ्या चालला तर एका खेळीला साडेचार. मी दहाव्या खेळीलाच एक मिनिट विचार करत बसायचो. आता प्रत्येक खेळीला दोन सेकंद वाढवून मिळतात असे डाव खेळतो. चाळीस खेळ्यांत 80 सेकंद जास्त. घड्याळाने हरणं ही खरी हार नव्हेच, अशी माझी समजूत होती, तीही सोडली. जुलै 2025 मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा कोनेरू हम्पीविरुद्धचे मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत. हम्पी तर जलद बुद्धिबळाची दोन वेळची जगज्जेती, पण घड्याळाच्या ताणात तिचाही हात चुकला.

‘फु’साठी लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रोज पंधरा मिनिटं एकाच विषयाची कोडी सोडवतो: आधाराविना उभी राहिलेली सोंगटी ओळखायची. फुकट आहे, जाहिराती नाहीत. इथे घाई करायची नाही, उत्तर दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. डावात वेग येतो तो ओळखीमुळे, आणि ओळख सावकाशच होते.

सगळ्यात जास्त पदरात पडलं ते ‘शे’मधून. एका डावात माझ्याकडे राजा आणि हत्ती, समोरच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. बरोबरीचा डाव घाबरून हरलो. अडीचशे वर्षांपूर्वी फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने याची तोड सांगून ठेवली आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याच्या राजाला आता प्याद्याआड लपायला जागा उरत नाही. संगणकासमोर हीच स्थिती मांडून आठवडाभर खेळलो. आता दहा सेकंद उरले तरी हात थरथरत नाही.

कॉम्प्युटरचं विश्लेषण लगेच उघडू नका. आधी स्वतः चूक शोधा, वहीत लिहा, मग ताडून पाहा. आणि लागोपाठ दोन डाव हरलात की मोबाइल खिशात. हा नियम मी अजूनही मोडतो, पण मोडला की तेही लिहितो.

पाच महिन्यांत रेटिंग 1530 झालं. डाव आता दिवसाला चारच. तुम्हीही आज रात्री हरलात तर पुढचा डाव लावण्याआधी तेवढं कारण लिहून ठेवा. माझ्या वहीचं 63 वं पान चालू आहे. त्यावर काल पुन्हा ‘वे’ पडलाय.