ट्रॉलीमागचा दिवा कुणाच्या हातात?

प्रश्न : शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यानं रात्री दुचाकीवरून येताना उसाची डबल ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. सरकारला यासाठी नियम बदलता येत नाही का? बदलायचा तर कोण बदलणार?
— एक वाचक, न्हावरे (ता. शिरूर)

उत्तर : मागच्या दिव्याचा, रिफ्लेक्टरचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेच. पण फाळक्यावरची लाल पट्टी रिकाम्या ट्रॉलीवर झकास दिसते आणि ट्रॉली भरली की मोळ्यांच्या टोकांआड जाते. तेव्हा दिवा उसाच्या बाहेर, सर्वांत मागं टांगलेला हवा.

हे केंद्राच्या नियमात घालायचं तर काम दिल्लीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव जरूर पाठवा, पण वाट लांबची आहे. दंडाच्या बाबतीत राज्याला बराच वाव असतो. संसदेनं २०१९ मध्ये वाढवलेले दंड महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, ते त्यामुळेच.

त्याच कायद्याच्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. महिन्याभरापुरती असेल तर राजपत्राचीही गरज नाही. मला मात्र रात्रीची बंदी पटत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि भुर्दंड शेतकऱ्याच्या माथी बसतो.

खरी किल्ली परिवहन खात्याबाहेर आहे, असं मला वाटतं. पारगावला भीमा नदी ओलांडली की पुणे आरटीओची (एमएच १२) हद्द संपून बारामतीची (एमएच ४२) लागते. उसाला कुठली हद्द? पण न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना असो, पाटसचा भीमा असो की आलेगावचा दौंड शुगर, गाळप परवाना देतात ते साखर आयुक्तच, तोही दर हंगामाला. वाहतूकदाराशी करार कारखान्याचा असतो. परवान्यात एक अट घालावी : रिकामी ट्रॉली टांगता दिवा घेतल्याशिवाय गेटबाहेर सोडायची नाही. भरलेली काट्यावर अडवून उपयोग नाही. ती रस्त्यावरच उभी राहील, अंधारात.

हंगाम कधी सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. तुमचं निवेदन त्याआधी, पावसाळ्यातच, पुण्याच्या साखर संकुलात पोचू द्या. आणि त्याची पोच घ्या.