नाताळचे झाड व निद्रिस्त कीटक

अमेरिकेत नाताळनिमित्त फर, पाइन अशी सूचिपर्णी झाडे तोडून घरात उभी करतात. थंडीने निपचित पडलेला मावा (ज्वारीवरील माव्याचाच भाईबंद) व कीटकांची अंडी दिवाणखान्याच्या उबेत वसंत आला असे समजून जागी होतात. प्रार्थनाकीटकाच्या अक्रोडाएवढ्या, तपकिरी कोशातून कधी ४०० पर्यंत पिले बाहेर पडतात. भक्ष्य न मिळाल्यास ती एकमेकांसच खातात. म्हणून कोशाची डहाळी कापून बाहेर झुडपात ठेवावी. मावा चिरडू नये. जांभळा डाग पडतो. घाबरून औषध फवारणे मात्र घातक, कारण फवाऱ्यातील द्रव्य ज्वालाग्राही असते. मावा तर कोरड्या घरात थोड्याच दिवसांत मरतो. झाड आत नेण्यापूर्वी जोराने झटकणे पुरे. मुलांस विचारावे: डिसेंबरात कीटकास वसंत भासला, तो कशामुळे?