पौरुषाचा अंतःस्राव आणि प्रोस्टेटचा आकडा

गेल्या केळीच्या हंगामात दापोऱ्यातील आमच्या पेढीवर एक वडीलधारे स्नेही आले. गिऱ्हाईक उठून गेल्यावर त्यांनी खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून हळूच आमच्यापुढे सरकविला. त्यावर पी.एस.ए.चा आकडा 6 च्या वर होता. चौविहार पाळीत असूनही त्यांना रात्री तीनदा उठावे लागे. परंतु ही गोष्ट त्यांनी मुलांनाही सांगितली नव्हती. शक्तीसाठी म्हणून घेतलेल्या पुड्यांनी पौरुषाचा अंतःस्राव वाढला व त्यामुळे कर्करोग झाला, अशी त्यांची समजूत झाली होती. अशी शंका आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या मनात असते व संकोचामुळे मनातच राहते, म्हणून हे विवेचन.

प्रोस्टेट अथवा अष्ठीला ग्रंथी ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गास वेढून असते. तिचा आकार तारुण्यात अक्रोडाएवढा असतो. टेस्टोस्टेरोन या अंतःस्रावावाचून तिची वाढच होत नाही. 1941 साली शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की, हा स्राव बंद केल्यास पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो, व रक्तातील त्याचा तत्कालीन निदर्शक, अॅसिड फॉस्फटेज, खाली येतो. या कार्याबद्दल त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून लोकांनी, आणि कित्येक वैद्यांनीही, उलट अनुमान काढले: स्राव अधिक, तर रोगही अधिक. हे अनुमान टिकले नाही. 2008 साली 18 अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहता, रक्तातील टेस्टोस्टेरोनचे मान व पुढे होणारा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. केळीच्या बागेचे पाणी तोडले तर घड भरत नाही, हे आपण जाणतो. परंतु जमीन पुरती भिजल्यावर आणखी पाणी सोडल्याने घड दुप्पट होत नाही. ग्रंथीचेही बहुधा तसेच आहे. थोड्याच स्रावाने तिची गरज भागते.

आता पी.एस.ए.विषयी. हे वीर्य पातळ राखणारे प्रथिन असून ते ग्रंथीतच तयार होते. त्यातील थोडेसे रक्तात उतरते. वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला अथवा मूत्रमार्गास जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, तरी आकडा चढतो. 4 ही सीमा रूढ असली तरी ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. 4 ते 10 मध्ये आकडा असणाऱ्या चारांपैकी सुमारे एकासच कर्करोग निघतो; उलट 2004 च्या एका अमेरिकन अभ्यासात, 4 किंवा त्याखाली आकडा असलेल्यांपैकी सुमारे 15 टक्क्यांस तो आढळला. एका दिवसाचा रोजमेळ पाहून आपण पेढीची स्थिती ठरवीत नाही, मागील बाकीही पाहतो. येथेही मागील आकडे पाहिले पाहिजेत.

औषधांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्याचा स्राव फारच कमी आहे, त्यास टेस्टोस्टेरोन दिल्यास पी.एस.ए. थोडा वाढू शकतो. म्हणून डॉक्टर आधी व काही महिन्यांनी तपासणी करतात. याउलट ग्रंथी आकसविणारे फिनास्टेराइड हे औषध सुमारे सहा महिन्यांत आकडा निम्म्यावर आणते. केस गळू नयेत म्हणूनही कित्येक जण ते घेतात. डॉक्टरांस हे ठाऊक नसेल, तर कागदावरचा 3 त्यांना निर्धास्त वाटेल. वस्तुतः तो 6 असतो. तपासणीच्या वेळी औषध लपविणे म्हणजे वहीत खोटी नोंद करण्यासारखेच आहे. लघवीतून रक्त गेले अथवा लघवी अजिबात अडली, तर आकड्याची वाट न पाहता तत्काळ डॉक्टर गाठावा.

आमच्या स्नेह्यांस बऱ्हाणपुरास नेले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. उपचारानंतर काही आठवड्यांनी आकडा 4 च्या खाली आला. रात्रीचे उठणे अद्याप पुरते थांबलेले नाही. ते ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे आहे असे निदान झाले असून औषध चालू आहे. पुड्या त्यांनी बंद केल्या. त्यांत काय होते, हे विकणाऱ्यासही सांगता आले नाही.