भाच्याला पत्र: डिझेल की मीटर?

चि. भाचेराजांस,


चाकणजवळच्या महाळुंग्याच्या शेडचं काम मिळालं, छान झालं. पण तो जुना १२५ केव्हीएचा जनसेट स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचं म्हणतोस, तिथे थांब.

आधी मोटरी मोज. सळई कापायचं, वाकवायचं मशीन, मिक्सर, पंप, मालाची लिफ्ट, सगळं मिळून तुझे जेमतेम ३० हॉर्सपॉवर. म्हणजे साधारण २२ किलोवॅट, तेही एकदम चालत नाही. १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॅट. इतक्या हलक्या भारावर डिझेल इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते आणि लिटरमागे युनिट कमी मिळतात. नवा घेतलास तरी तेच: १ जुलै २०२३ पासून नव्या जनसेटना केंद्रीय प्रदूषण मंडळाचे सीपीसीबी चार प्लस निकष आहेत. त्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला तर गरम एक्झॉस्ट लागतोच.

‘सुरू होताना मोटर जास्त ओढते’ असं विकणारा सांगेल. खरं आहे. लिफ्टची १० हॉर्सपॉवरची मोटर सरळ चालू केली की क्षणभर पाच-सहापट करंट घेते. पण त्यावर उपाय लिफ्टला व्हीएफडी, म्हणजे मोटरला हळूहळू वेग देणारं उपकरण, बसवणं हा आहे, तिप्पट जनसेट हा नव्हे. मग ४० केव्हीए तुला पुरेल.

आता पैशांचं. चांगल्या भारावर लिटरभर डिझेलमधून तीन-साडेतीन युनिटं निघतात. डिझेल ९० रुपये धर, युनिट २५ रुपयांच्या पुढेच पडतं, देखभाल वेगळी. महावितरणची तात्पुरती जोडणी महाग म्हणून लोक नाक मुरडतात, तरी ती याहून स्वस्तच. अर्ज, कोटेशन, भरणा यात दिवस जातात, म्हणून पाया खोदायच्या आधी अर्ज टाक. जे यंत्र जागचं हलत नाही ते सगळं मीटरवर. जेसीबी आणि रोलर डिझेलचेच, ते तासाच्या भाड्याने आण.

जनसेट मग फक्त आधाराला, तोही भाड्याचा. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी, तेव्हा स्लॅब गुरुवारी धरू नकोस. आणि काँक्रीट ओतताना पेट्रोलवरचा एक व्हायब्रेटर हाताशी ठेवच. वीज गेली नि माल अर्धवट बसला, की जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. त्या एका व्हायब्रेटरचं भाडं वाचवणारे ठेकेदार मी पाहिलेत, कंजूषपणाला काही औषध नाही.

वीज वाटणाऱ्या डीबीत गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, अर्थिंग मोजून घे, केबल खांबावरून ने. चाकणच्या पावसात चिखलात पडलेली, जोड दिलेली केबल दिसली तर काम बंद कर, मुकादम काही म्हणो.

कोटेशन आलं की मंजूर भाराचा आकडा कळव. मग भाड्याच्या जनसेटचं बोलू.

तुझा,
मामा