कुस्तीत गट किती असावेत?



वादविवादाच्या तासासाठी आम्ही यावेळी कुस्तीचा विषय निवडला आहे. प्रश्न असा: राज्यस्तरीय शालेय कुस्ती स्पर्धेत सर्व शाळांना एकाच गटात खेळवावे, की लहान शाळा आणि मोठ्या शाळा असे वेगळे गट करावेत?

आपल्या देशात शालेय कुस्तीत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात आणि प्रत्येकात वजनगट असतात. शाळेची विद्यार्थीसंख्या मात्र पाहिली जात नाही. अमेरिकेत तीही पाहतात. ओहायो राज्यात शाळांचे तीन विभाग आहेत, पेनसिल्व्हेनियात दोन. उलट कॅलिफोर्निया व इंडियाना येथे सर्वांचा मिळून एकच राज्यविजेता ठरतो.

वेगळ्या गटांच्या बाजूने

वजनगट का करतात? जोड बरोबरीची व्हावी म्हणून. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलो वजनगटात. वजनगट नसते तर या पदकाची वाटच बंद झाली असती. पण बरोबरी फक्त वजनाची नसते. मोठ्या शाळेत गादी असते, प्रशिक्षक असतात, सरावाला रोज नवी जोड मिळते. लहान शाळेचा मुलगा एकाच मित्राशी लढून तयार होतो.

एकाच गटाच्या बाजूने

आखाड्यात शाळा उतरत नाही, मल्ल उतरतो. समोर एकच प्रतिस्पर्धी असतो. तीन गट केले तर एकाच वजनात तीन ‘राज्यविजेते’ होतील. मग खरा कोण? लहान गावच्या मुलाने मोठ्या शाळेच्या मुलाला चितपट केले, तर त्या विजयाचे मोल वेगळेच. तो प्रसंगच आपण त्याच्याकडून काढून घेऊ.

महाराष्ट्राचा मार्ग

१९६१ पासून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत याचे एक उत्तर दिसते. तेथे माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. गादीची सोय नसलेल्या तालमीतला मल्लही मातीवरून पुढे येऊ शकतो. पण किताब दोन नाहीत. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गादीचे शिवराज राक्षे यांनी मातीचे महेंद्र गायकवाड यांना हरवून गदा मिळवली. म्हणजे वाटा दोन, शिखर एक.

आमचे मत

वैयक्तिक विजेतेपद एकच असावे. सांघिक ढाल मात्र शाळेच्या आकारानुसार वेगळी द्यावी, कारण लहान शाळा सर्व वजनगटांत मुले उतरवूच शकत नाही. तिचे गुण आधीच कमी होतात. हा हिशेब न्यायाचा नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगतात. गट कितीही करा, मुलाच्या पाठीशी उभे राहणारे कोणी नसेल तर तो आखाड्यापर्यंत पोहोचतच नाही. ती जबाबदारी आम्हा शिक्षकांची आणि पालकांची आहे.

विचार करा

१. वजनगट योग्य वाटतात, तर शाळेच्या आकाराचे गट का नकोत?
२. ‘वाटा दोन, शिखर एक’ हा नियम आणखी कोणत्या खेळात लावता येईल?
३. तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे लिहून आणा.