टाळकऱ्यांची यादी

भजनी मंडळ घेऊन परदेशातील संगीतोत्सवास जाऊ इच्छिणाऱ्यांनी स्वरांची, पाठांतराची आणि तिकडच्या थंडीची चिंता अवश्य करावी. परंतु त्या साऱ्या चिंतांच्या आधी ज्या एका दस्तऐवजाचे डोळ्यांत तेल घालून रक्षण करावे लागते, तो म्हणजे जाणाऱ्यांची नावनिशीवार यादी होय, हे अंबाजोगाईच्या आमच्या मंडळाचा कारभार सांभाळताना मला कळून चुकले.

वेल्समधील लँगोलेन या डी नदीकाठच्या लहानशा गावी, महायुद्धाच्या जखमा ओल्या असतानाच, देशोदेशींच्या लोकांनी एकत्र येऊन गावे या हेतूने १९४७ साली जो उत्सव सुरू झाला आणि १९५५ साली मोदेना नगरीच्या गायकवृंदात आपल्या पाववाल्या पित्यासह उभा राहिलेला तरुण लुचानो पावारोत्ती जेथून पहिले पारितोषिक घेऊन परतला, त्या उत्सवाकडे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींच्या छायेत वाढलेल्या आम्हां टाळकऱ्यांची दृष्टी लागावी, यात थोडे धाडस होते खरे. पण ही वार्ता तालुक्यात पसरली मात्र, आणि एकादशीलाही देवळाची पायरी न चढणाऱ्या कित्येकांना एकाएकी भजनाची गोडी लागली!

त्यांतच एक सधन गृहस्थ घरी आले. साऱ्या मंडळाचा विमानखर्च आपण सोसू, मोबदल्यात आपल्या दोघा भाच्यांची नावे टाळकरी म्हणून घालावीत, एवढेच त्यांचे मागणे होते. निघताना मात्र उंबऱ्याशी थांबून ते म्हणाले, "आणि सर, पोरांना परत आणायची जिम्मेदारी तुमच्यावर नाही बरं का." या एका वाक्याने सगळा मामला उघडा पडला. तरीही मंडळातील काही ज्येष्ठांना तो पैसा सोडवेना. तेव्हा वाद न घालता मी विणेकरी बुवांना विनंती केली, की येत्या गुरुवारी या दोघांना उभे करून रूपाचा अभंग घ्यावा. ठेका दुगुणीत गेला आणि भाच्यांचे टाळ पखवाजाला सोडून भलतीकडे गेले. बुवांनी वीणा न थांबवता नुसती मान हलवली. विषय तेथेच संपला, रुसवे मात्र पुष्कळ दिवस चालले.

ज्या जिल्ह्यातून दसरा सरताच लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात, तेथल्या तरुणाने बाहेर पडण्याची वाट शोधावी यात मला पाप दिसत नाही. परंतु कलापथकाच्या आडून माणसे पलीकडे सोडून येण्याच्या ज्या धंद्याला उत्तरेत कबूतरबाजी म्हणतात, त्याचा भार अखेर पथकप्रमुखाच्या मानेवर बसतो. एका विख्यात पंजाबी गायकावर १९९८ आणि १९९९ सालच्या दौऱ्यांसंबंधी असाच आरोप होऊन २००३ साली गुन्हा दाखल झाला, २०१८ साली पतियाळ्याच्या न्यायालयाने त्यास दोन वर्षांची सजा फर्मावली, आणि २०२२ साली उच्च न्यायालयाने ती स्थगित करीपर्यंत त्या दौऱ्यांस दोन तपे लोटत आली होती. अशा प्रकरणांमुळेच गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा जथा दिसला की व्हिसाच्या दफ्तरात संशय जागा होतो, आणि त्याची किंमत खऱ्या कलावंतास मोजावी लागते.

शिवाय ब्रिटनचा व्हिसा मंडळास म्हणून मिळत नाही. अर्ज ज्याचा त्याचा, बोटांचे ठसे ज्याचे त्याचे आणि नकारही ज्याचा त्याला. टाळकरी मंजूर आणि पखवाजिया नामंजूर असा प्रसंग सहज ओढवतो, म्हणून हात बसलेला दुसरा पखवाजिया यादीत असू द्यावा. माणूस परत येईल याची खात्री पटविणारे कागद, म्हणजे सातबारा, बँकेचे पासबुक, नोकरीचा दाखला, हे इंग्रजी तर्जुम्यासह जोडावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ना हरकत प्रमाणपत्र आधी पदरात पाडून मगच तिकिटाचे नाव काढावे. नावांची तर निराळीच कथा. शिधापत्रिकेवर ज्ञानोबा, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर आणि आधारकार्डावर तिसरेच रोमन स्पेलिंग, अशी त्रेधा पासपोर्टच्या अर्जापूर्वीच मिटवावी. आमच्या पिढीतील कितीतरी माणसे कागदोपत्री १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. एकाच पथकातले इतके जण एकाच दिवशी कसे जन्मले, असा प्रश्न परक्या अधिकाऱ्यास पडण्यापूर्वी सोबतच्या पत्रात त्याचा खुलासा करून टाकावा हे बरे.

वाद्यांविषयी थोडेसेच. शिसवाच्या सर्व जाती २०१७ सालापासून आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आल्या होत्या. तयार वाद्यांना २०१९ सालच्या जिनिव्हा परिषदेत सूट मिळाली, तरी खोड कोणत्या लाकडाचे याची वाद्य बनविणाऱ्याकडून लेखी नोंद घ्यावी. जुन्या तंबोऱ्याची घोडी सांबरशिंगाची असेल तर तो घरीच ठेवावा, कारण तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. पखवाजाच्या वाद्या सैल करून मगच तो पेटीत घालावा. त्याला लावावयाच्या कणकेची काळजी नको, ती तिकडेही मिळते.

व्यासपीठावर मिनिटे मोजली जातात. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत रात्र जागविणाऱ्या बुवांना हे पचविणे कठीण जाते; पण घड्याळ लावून तालीम करण्यास गत्यंतर नाही, आणि आलापीला कात्री लावण्याचा अप्रिय अधिकार कोणाचा, हे गावीच ठरलेले असावे.

आमची मंडळी गेली तितकी परतली. परतल्यावर प्रत्येकाच्या पासपोर्टवरील भारतात उतरल्याच्या शिक्क्याची नक्कल आणि बोर्डिंग कार्ड यादीस टाचून मी ती मंडळाच्या दफ्तरी ठेवली आहे. पुढच्या खेपेच्या अर्जास तीच जोडावयाची आहे.