विमा-अर्जातील ‘व्यवसायाचे स्वरूप’

विमा हा विषय आपण वैद्यकीय व्यावसायिक बहुधा एजंटावर सोपवतो. अर्ज तो भरतो, सही आपण करतो. या अर्जात व्यवसायाचे स्वरूप विचारणारा एक छोटासा रकाना असतो. संकटाच्या वेळी भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्याच रकान्यावर ठरते. म्हणून हा लेखप्रपंच.

विमा कंपनी प्रथम जोखमीची वर्गवारी करते. भिंती त्याच, छप्पर तेच; परंतु आत कुटुंब राहते, बाह्यरुग्ण तपासले जातात की शस्त्रक्रिया होतात, यानुसार आगीचा संभव बदलतो आणि हप्ताही बदलतो. आम्हा बालरोगतज्ज्ञांना मुलाचे वजन ठाऊक नसताना औषधाची मात्रा ठरवता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या इंदूरमध्ये रामबाग, नारायणबाग यांसारख्या जुन्या वस्त्यांतून घराच्या तळमजल्यावर दवाखाना थाटण्याची रीत आहे. कालांतराने तेथे चार खाटा येतात, औषधांचे दुकान येते, क्वचित नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्षही उभा राहतो. पॉलिसीत मात्र ‘दवाखाना’ हाच शब्द वर्षानुवर्षे राहतो. अतिदक्षता कक्षात वॉर्मर, व्हेंटिलेटर, फोटोथेरपीचे दिवे अहोरात्र चालतात आणि सोबत प्राणवायूचा साठा असतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत १० अर्भके दगावली. अशा कक्षाची जोखीम साध्या दवाखान्याच्या नावाखाली कशी सामावणार?

‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीतील दोन अटी या संदर्भात लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. महत्त्वाची बाब चुकीची सांगितली वा दडवली, तर ती पॉलिसी रद्दबातल ठरवता येते, ही पहिली. जागेतील व्यवसाय बदलला किंवा वापरातील बदलामुळे जोखीम वाढली आणि नुकसान होण्यापूर्वी कंपनीकडून एंडोर्समेंट घेतलेले नसेल, तर त्या मालमत्तेपुरते संरक्षण थांबते, ही दुसरी. म्हणजे हप्ता नियमित भरूनही हाती काही न येण्याची वेळ येऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तिचाही पाया खरी व पूर्ण माहिती हाच आहे.

दायित्वाच्या विम्यालाही हेच लागू पडते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून आपण व्यावसायिक दायित्वाचा विमा घेऊ लागलो. परंतु डॉक्टरची वैयक्तिक पॉलिसी वेगळी आणि रुग्णालयाची संस्था म्हणून असलेली पॉलिसी वेगळी. खाटा व कर्मचारी असलेल्या संस्थेने केवळ पहिलीवर विसंबू नये.

उलट बाजूही आहे. ज्याने आंतररुग्ण विभाग बंद करून केवळ सल्ला देणे सुरू ठेवले, त्याने जुन्या वर्गवारीचा जादा हप्ता का भरावा? आपल्या समाजातील इतर व्यावसायिकांनीही हे ध्यानी घ्यावे. घरातच खानावळ किंवा मसाल्याची चक्की चालत असेल, तर ती जागा विमा कंपनीच्या दृष्टीने निव्वळ निवासस्थान राहत नाही.

उपाय सोपा आहे. अर्जात प्रत्यक्ष चालणारे प्रत्येक काम लिहावे: खाटांची संख्या, शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, औषधविक्री, प्राणवायूचा साठा. कोरा अर्ज सही करून देऊ नये; भरलेल्या अर्जाची प्रत जपावी. नवे यंत्र वा नवा विभाग सुरू करताना, नूतनीकरणाची वाट न पाहता, कंपनीला लेखी कळवून एंडोर्समेंट घ्यावे. हप्ता थोडा वाढेल. पण आयुष्यभराच्या कष्टांतून उभी केलेली वास्तू त्या वाढीव हप्त्यापेक्षा निश्चितच मोलाची आहे.

रुग्णाचा पूर्वेतिहास अपुरा असला की निदान चुकते, हे आपण आप्तांना सदैव सांगतो. विम्याच्या अर्जावर मात्र पूर्वेतिहास देणारे आपणच असतो. तो आपण पूर्ण द्यावा, एवढीच सर्व सहकाऱ्यांना विनंती.